कृपया पंखे बंद करू नयेत

मी फक्त एवढंच म्हणाले होते की पंखा वाजतो. शपथ सांगते, याच्यापुढे एक शब्द नाही. आणि तेवढ्यावरून सहा आठवडे माझी झोप उडाली, अर्ध्या गायनमंडळाचा घसा बसला आणि एक ऐंशी वर्षांची बाई आयुष्यात एकदाच काहीतरी मागत होती, तिच्या बाबतीत मी... थांबा, नीट पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही मध्ये मध्ये विचारत बसाल.

तर आमचं चर्च अण्णा नगरला. मी राहते वेस्ट मांबलमला, दत्ताजींच्या घरात वरच्या खोलीत, आणि ऑफिस सिरुसेरीला. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस मी बसमध्येच असते असं धरा. पण श्रीरामपूरहून निघताना आईची एकच अट होती, रविवार चुकवायचा नाही. म्हणून रविवारी सकाळी अशोक नगरपर्यंत चालत, तिथून मेट्रो, आणि साडेआठला उपासनेला हजर.

आणि हे चर्च म्हणजे आपल्या गावाकडच्यासारखं नाही हं. पाळक बाई आहेत, शीलाअक्का. उपदेश संपला की लोक हात वर करून मला हे पटलं नाही म्हणतात आणि अक्का हो का, बोला म्हणतात. तुमची जात कुठली, भाषा कुठली, तुम्ही कोणाबरोबर राहता, कोणी विचारत नाही. विचारतात एकच, जेवून जाणार ना. बुधवारी हॉस्पिटलच्या बाहेर जेवणाची पाकिटं, शुक्रवारी गाण्याची तालीम, शनिवारी झाडलोट, सगळं आळीपाळीने. कोणी कोणाला हुकूम सोडत नाही. नियम एकच, पण तो लोखंडी: जो विषय काढेल, विषय त्याचा. चार वर्षांपूर्वी एकाने चहा पाणचट आहे असं म्हटलं होतं. तो बिचारा अजून दर रविवारी साठ माणसांचा चहा करतोय.

मला हे माहीत होतं. तरी बोलले.

कारण आमच्याकडे उपदेशानंतर तीन मिनिटं शांतता असते. सगळे डोळे मिटून. आणि आमच्या डोक्यावरचा पंखा त्याच वेळी किर्र, टक. किर्र, टक. मी आपली प्रार्थना सोडून टक मोजायचे. एका रविवारी एकशे अठ्ठावीस झाले. मग मी हात वर केला. पुढच्या आठवड्याच्या पत्रकात छापून आलं, पंखा: रुचा.

मग सल्ले. थंगराज अंकल म्हणाले खोबरेल तेल घाला. हे अंकल सगळ्यात मागे, दाराजवळ, स्विचबोर्डच्या खाली बसतात, त्यामुळे चर्चमधली वीज ही आपल्या घरचीच आहे असं त्यांना वाटतं. कोणी म्हणालं एसी लावा, लगेच कोणी म्हणालं पृथ्वीचं काय, त्यावर पाऊण तास चर्चा. शीलाअक्का म्हणाल्या, त्या आवाजातसुद्धा आपल्याला काही ऐकू येतं का बघू या. मला जे ऐकू येत होतं ते मी सांगितलं नाही.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी मी सेल्वम अण्णाला बोलावलं. इलेक्ट्रिशियन, माणूस सोन्यासारखा. शिडीवर चढला, म्हणाला बेअरिंग गेलंय. आणि म्हणाला, शिडी लावलीच आहे तर बाकीचे आठ पण बघू का? आमच्याकडे नऊ पंखे आहेत, वेदीपासून दारापर्यंत एका ओळीत. मी म्हटलं बघा, साफ पण करून टाका, एकदम चकाचक. एवढ्यात ऑफिसचा फोन आला, कुठलातरी सर्व्हर पडला होता, आणि मी चर्चच्या ऑफिसात लॅपटॉप उघडून बसले ती चार वाजेपर्यंत.

चार वाजता आत आले तर काय, नऊच्या नऊ पंखे दुधासारखे पांढरे. सेल्वम अण्णा खाली उभा राहून वर बघत होता, जसं काही मूर्तीचे डोळे उघडलेत. कुठल्यातरी कामातला रंग उरला होता, म्हणाला, देवाचं काम आहे म्हणून मारून टाकला. मी पण खूश. म्हटलं, बरं झालं, सकाळी खालून बघितलं तेव्हा पात्यांवर धुळीत कसले कसले लाल डाग होते.

"डाग कुठले, मॅडम," तो म्हणाला. "नावं होती."

आता तुम्हाला सांगते, इकडे पंखा कोणी दिला की पात्यावर लाल रंगाने नाव लिहितात. अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ. नऊ पंखे, नऊ मेलेली माणसं, आणि त्या नऊ घरची जिवंत माणसं दर रविवारी खाली बसलेली. मी दोन वर्षं येतेय, मला ही नावं कधी दिसली नाहीत. कशी दिसणार? चेन्नईत पंखा थांबतो कधी? उपासना सुरू व्हायच्या आधी लागतो आणि शेवटचा माणूस गेल्यावर बंद होतो.

हे लक्षात आलं आणि माझ्या डोक्यात तो घाणेरडा विचार आला. पंखे फिरत असतील तर कोणाला काही कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी शांततेची तीन मिनिटं खरोखर शांत गेली. एक टक नाही. शेवटी शीलाअक्कांनी मला उभं केलं आणि सगळ्या मंडळीने टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून उभी. लोक म्हणाले काय ही नम्रता. कबूल करायचं तर तेव्हाच करायचं, मला कळत होतं. पण मी इथे एकटीच मराठी, दोन वर्षांत जेमतेम आपली झालेली, आणि पहिलं काम दिलं त्यात नऊ घरची माणसं पुसून टाकली. ते तोंडातून निघेना.

आणि महिना कुठला, तर डिसेंबर. चेन्नईची थंडी तुम्हाला माहीत नाही. चोवीस डिग्री. आपण ज्याला छान हवा म्हणतो त्यात इथली माणसं माकडटोपी घालतात. थंगराज अंकल टोपी घालून आले, उपदेश सुरू झाला, आणि त्यांचा हात हळूच वर, बोर्डाकडे. मी पुढच्या बाकावरून पळत मागे गेले. अख्खी मंडळी बघतेय. अंकलनी विचारलं काय झालं. आणि माझ्या तोंडून निघालं की नवीन बेअरिंग आहे, सहा आठवडे पंखे थांबवायचे नाहीत, नाहीतर सेट होत नाही.

हे मी कुठून काढलं, देव जाणे. पण शीलाअक्कांनी ते पत्रकात छापलं. कृपया पंखे बंद करू नयेत, सहा आठवडे, हुकुमावरून नव्हे तर विनंतीवरून. वॉचमनलाही सांगितलं. रात्रंदिवस पंखे सुरू. लोक शाली घेऊन यायला लागले. तिसऱ्या रविवारी उपदेशात शिंका, प्रार्थनेत खोकला, आणि नाताळच्या उपासनेला गायनमंडळातल्या अकरापैकी पाच जणांचा घसा बसलेला. ज्यांचा बसला नव्हता ते मफलरमधून गात होते. आणि मला कोणी एक शब्द बोललं नाही हो. सगळे म्हणायचे, रुचाचं बेअरिंग आहे, सांभाळून घ्या.

मी तोपर्यंत नावं शोधत होते. युक्ती काढली की लग्नाचे फोटो बघू, चर्चमधलं लग्न म्हणजे वर छत येणारच. चार घरी जाऊन अल्बम बघितले, चार घरी केक खाल्ला, चार घरी माझ्या लग्नाचा विषय निघाला. सगळ्या फोटोंत नवरा-नवरी स्पष्ट आणि वर पंखा म्हणजे एक गोल धूर.

मग नववर्षाचा पहिला रविवार. दहा वाजता लाइट गेली.

मी त्या दिवशी प्रार्थनेच्या विनंत्या वाचायला माइकपाशी उभी होते. पंख्यांचा वेग कमी व्हायला लागला, आणि माणसाचा स्वभाव असा की वारा कमी झाला की तो पहिल्यांदा वर बघतो. साठ हनुवट्या वर जायला लागलेल्या मला दिसल्या. मी जीव खाऊन ओरडले, माइक बंदच होता, की आपण सर्व जण डोळे मिटू या आणि प्रार्थना करू या.

मिटले. आता जनरेटर सुरू होईपर्यंत मला थांबता येईना. मी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली, परीक्षा देणाऱ्यांसाठी केली, मच्छीमारांसाठी केली, आयटीवाल्यांसाठी केली. संपलं. मग मी माझ्या मेट्रोची स्टेशनं ओळीने धरली, अशोक नगरच्या लोकांसाठी केली, वडपळनीच्या, कोयंबेडूच्या, आणि तिरुमंगलमला पोचले तेव्हा जनरेटर घरघरला. वर बघितलं, पंखे फिरत होते. मी आमेन म्हटलं आणि तिथेच पायरीवर बसले. नंतर तीन बायका डोळे पुसत माझ्याकडे आल्या. असं अख्ख्या शहरासाठी कोणी मागितलं नव्हतं म्हणाल्या. पुढच्या पत्रकात होतं, शहरासाठी प्रार्थना: रुचा.

त्याच दिवशी ग्लोरी अम्मांनी मला हाताला धरून बसवलं.

ग्लोरी अम्मा म्हणजे माझ्या शेजारी बसतात त्या. पुढून दुसरा बाक, कडेची जागा. मी पहिल्या रविवारी आले तेव्हा दारात घुटमळत होते, तर या बाईने पुढून हात हलवला, सरकून जागा दिली आणि काही न विचारता डब्यातला कढीपत्त्याचा भात पुढे केला. तेव्हापासून दर रविवारी आधी भात आणि मग प्रश्न, आईशी बोललीस का. मी नाही म्हटलं तर तिथल्या तिथे फोन लावायला लावतात आणि स्वतः आईशी तमिळमध्ये बोलतात. आईला तमिळ येत नाही. त्या दोघींचं दहा-दहा मिनिटं चालतं.

तर अम्मा म्हणाल्या, घर विकलं, पोंगल झाला की मुलाकडे कोइंबतूरला कायमची जातेय. आणि मग म्हणाल्या:

"कण्णा, पंधरा दिवसांनी माझा इथला शेवटचा रविवार. तुझे सहा आठवडे त्या दिवशी पुरे होतात, मी मोजलेत. एक मिनिट पंखे थांबव. मला त्यांच्याबरोबर फोटो हवा."

त्यांचे यजमान, सत्यनेसन. जाऊन वीस वर्षं होतील. आणि अल्बम म्हणाल तर दोन हजार पंधराच्या पुरात तळमजला बुडाला, सगळ्या फोटोंचा लगदा झाला. म्हणजे या शहरात त्या माणसाचं नाव एकाच ठिकाणी उरलं होतं, पंख्याच्या पात्यावर, आणि ते मी चकाचक केलं होतं.

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

घरी येऊन कीर्तनाच्या गळ्यात पडून रडले. कीर्तना म्हणजे दत्ताजींची मुलगी, माझ्याच वयाची, शाळेत चित्रकला शिकवते. ही माणसं तंजावरची मराठी. तीनशे वर्षांपूर्वी आलेली. त्यांचं मराठी म्हणजे आपल्या खापरपणजीच्या पत्रातलं, पण तमिळच्या चालीवर. कीर्तना म्हणाली सांगून टाक की अम्मांना, त्यांत काय. पण दत्ताजींनी हात वर करून तिला गप्प केलं. ते छत्तीस वर्षं सरकारी रेकॉर्ड खात्यात होते. म्हणाले, संस्था म्हटली म्हणजे कागद असतोच, कोठे आहे तेवढं पाहावं.

आणि होता. वेदीमागच्या खोलीतल्या कपाटात, मेणबत्त्यांच्या खोक्याखाली एक वही. वीस वर्षांपूर्वी पंखे बसवले तेव्हाची यादी. पंखा क्रमांक एक, हे नाव. क्रमांक दोन, पी. चेल्लैया. असं करत क्रमांक आठ, डी. सत्यनेसन. क्रमांक नऊपर्यंत सगळं. मी त्या वहीचा मुका घेतला, झुरळाच्या वासासकट.

पण एक नंबर म्हणजे कुठला? वेदीजवळचा की दाराजवळचा? वहीत ते नव्हतं. दत्ताजींना या प्रश्नाचीच कीव आली.

"देवळात खांब मोजतात तें गाभाऱ्यापासून," ते म्हणाले. "आधी देव, मग माणसें. तुमचा देव कोठे असतो? पुढे. तर एक तेथून."

मी म्हटलं, अप्पा, पण मग सत्यनेसन मागे दारापाशी जातात, आणि अम्मा तर पुढे बसतात. ते म्हणाले मनुष्य बसेल कोठेही, रेकॉर्ड हलत नाही. छत्तीस वर्षांची नोकरी बोलत होती. माझी दोन. मी गप्प बसले. खरं सांगू, मला पटलं नव्हतं. अम्मांना एक फोन केला असता तर कळलं असतं. पण तो फोन कसा करायचा, तुम्ही सांगा. अम्मा, तुमचे यजमान नक्की कुठे आहेत?

शनिवारी भर दुपारी सेल्वम अण्णाने शिडी धरली आणि कीर्तनाने वर चढून नऊ नावं लिहिली. लाल रंग, अक्षर इतकं देखणं की अण्णा म्हणाला आधीपेक्षा भारी. संध्याकाळी पंखे लावले. मी रात्री जेवले नाही.

रविवार. चर्च भरलेलं, बाहेरून खुर्च्या आणलेल्या. अम्मा निळी रेशमी साडी नेसून, केसांत मोगरा, काठी बाजूला ठेवून आपल्या जागी बसलेल्या. शीलाअक्कांनी दोन शब्द बोलायचे होते, ते त्यांनी एकाच वाक्यात उरकले. मग त्या मला म्हणाल्या, रुचा, थांबव.

मी अख्खं चर्च चालत मागे गेले. थंगराज अंकल बोर्डापासून बाजूला झाले. नऊ बटणं, एका ओळीत. एकेक खाली केलं.

तुम्ही कधी पंखा थांबताना बघितलाय? म्हणजे नीट, शेवटपर्यंत? किती वेळ घेतो तो. आधी नुसती पांढरी थाळी, मग त्यात गुलाबी रेघ, मग रेघेचे तुकडे, मग अक्षरं पळताना दिसतात, आणि मग ती चालायला लागतात. साठ-सत्तर माणसं माना वर करून. कोणी शिंकत पण नव्हतं.

अम्मांच्या डोक्यावरचा पंखा थांबला. त्यांनी चष्मा नीट केला आणि मोठ्याने वाचलं.

"पी. चेल्लैया."

माझ्या शेजारी थंगराज अंकल हळूच म्हणाले, "हे तर आमचे अप्पा, माझे वडील. ते इथे असतात, माझ्या डोक्यावर." मग बोर्डाकडे बोट दाखवलं. "पहिलं बटण, पहिला पंखा. दारापासून मोजायचं ना."

पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांनी श्वास रोखला होता. अंकलच्या पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून माझ्या कानात सांगितलं की चेल्लैया आणि सत्यनेसन नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. गायनमंडळाने डावीकडे बसायचं की उजवीकडे, या विषयावर.

मग मी बोलले. सगळं. तिथेच, बोर्डापाशी उभी राहून, माइक नाही काही नाही. नावं मी पुसली, बेअरिंगला काही सेट वगैरे व्हायचं नसतं, तुमचे खोकले माझ्यामुळे, ती तिरुमंगलमपर्यंतची प्रार्थना पण पंख्यांसाठी होती. नावं काल लिहिली आणि तीही उलटी. मधला पाचवा तेवढा बरोबर आहे. शेवटी म्हटलं, अम्मा, मला माफ करा.

अम्मांनी काठी घेतली, उठल्या आणि मधल्या वाटेने मागे यायला लागल्या. एकेका पंख्याखाली थांबायच्या, वर बघायच्या, पुढे सरकायच्या. मला वाटलं सरळ दाराबाहेर जाणार. टक, टक, काठीचा आवाज. माझ्यापर्यंत आल्या. माझ्याकडे बघितलंच नाही. थंगराज अंकलच्या बाकावर बसल्या आणि मान वर केली. डी. सत्यनेसन, लाल अक्षरांत, अगदी डोक्यावर.

बराच वेळ बघत राहिल्या. मग खांदे हलायला लागले. मी घाबरले, पाणी आणायला वळले, तर त्या हसत होत्या.

"तीस वर्षं हा माणूस माझ्या मागे लागला होता," त्या म्हणाल्या, "ग्लोरी, मागे बसू या, दारापाशी. उपदेश लांबला तर गुपचूप बाहेर जाऊन सिगारेट ओढता येईल. मी एक दिवस बसू दिलं नाही. पुढून दुसऱ्या बाकावर धरून ठेवलं, आणि मेल्यावर पंखा पण तिथेच लावला."

आधी शीलाअक्का हसल्या आणि मग अख्खं चर्च. मी म्हटलं अम्मा, उद्याच्या उद्या सगळं परत लिहून देते, बरोबर जागी. तर त्यांनी काठी माझ्या पावलावर टेकवली.

"हात लावायचा नाही," म्हणाल्या. "मिळालीये त्याला जागा."

थंगराज अंकल थोडा वेळ टोपी हातात धरून उभे होते. मग पुढे चालत गेले आणि पुढून दुसऱ्या बाकावर, आपल्या अप्पांच्या खाली जाऊन बसले. मग बाकीच्या घरांची पण उठाउठ सुरू झाली, कोणाचे आजोबा कुठे गेले ते बघत, आणि वीस वर्षं पुढे बसलेली माणसं मागे आणि मागची पुढे. पाचव्या पंख्याखालचं कुटुंब तेवढं जागेवर बसून सगळ्यांकडे बघत होतं.

मी फोन काढला. वाकून, गुडघ्यावर बसून, अम्मांचा चेहरा आणि वरचं नाव एकाच चौकटीत यायला मला जवळजवळ फरशीवर झोपावं लागलं. पाच फोटो काढले. पाचव्यात दोन्ही नीट आलं.

अम्मांनी फोटो बघितला, दोन बोटांनी मोठा करून नाव वाचलं, मग अजून मोठा करून परत वाचलं. फोन मला दिला आणि पदराने मान पुसली.

"आता लाव गं पंखा," त्या म्हणाल्या. "त्यांना उकाडा सोसत नाही."

मी दारापासून दुसरं बटण दाबलं.